हौस, दाद आणि लाल बदाम

गेल्या नरकचतुर्दशीला पहाटे आमच्या दारात एक लहानसा प्रसंग घडला. पुतणीने अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढली होती. दोन तास खपून काढली होती आणि ती खरोखर सुरेख साधली होती. सौ. पणत्यांचे तबक घेऊन बाहेर आली, काडी पेटवली आणि पहिली वात लावणार तोच पुतणी ओरडली, "काकू, थांब ना! आधी फोटो काढू दे. पणत्या लागल्या की रंग पिवळे दिसतात." सौ. थांबली. काडी जळत जळत बोटांपर्यंत आली, तेव्हा ती फुंकून टाकावी लागली. सगळे हसले. मला मात्र हसू आले नाही. कारण गळ्यात कॅमेरा अडकवून मीही पायरीवर तेवढ्याचसाठी खोळंबलो होतो.

फराळाला बसेपर्यंत इन्स्टाग्रामवर त्या रांगोळीला दोनशे बारा बदाम मिळाले होते. पसंतीची ती लाल खूण हृदयाची आहे म्हणे. पण पत्ते कुटण्यात हयात गेलेल्या आमच्या घरात तिला बदामच म्हणतात. पोरगी खुशीत होती. दुपारी कळले की मैत्रिणीच्या रांगोळीला सहाशे मिळाले. तिने बाहेर जाऊन आपली रांगोळी पुन्हा एकदा पाहिली आणि आत येऊन म्हणाली, "काका, मधला मोर जरा फसलाच, नाही?"

सकाळी तो मोर फसलेला नव्हता. सकाळपासून त्याला कोणी हातही लावला नव्हता. मधल्या वेळात बदलला होता तो फक्त एक आकडा.

त्या मोराने मला विचारात पाडले. पोरीला बोल लावण्याचा अधिकार मला नाही. गेली पंधरा वर्षे मीही हौसेने फोटो काढतो, चार लोकांनी पाहावेत म्हणून इंटरनेटवर मांडतो आणि रात्री निजण्यापूर्वी किती जणांनी पाहिले ते चोरून बघतो. तेव्हा हे लिहिणे म्हणजे परीक्षकाच्या खुर्चीवरून दिलेला निकाल नव्हे. आरोपीच्या पिंजऱ्यातून केलेली ही थोडी चिकित्सा आहे. प्रश्न एवढाच की हौशी छायाचित्रकाराला प्रेक्षक हवा तो कशासाठी, आणि तो मिळाल्यावर त्याच्या डोळ्याचे काय होते?

हौसेला मोल नाही, असे आपण म्हणतो. छायाचित्रणाची कला आपल्याकडे रुजली त्यात या बिनमोलाच्या हौसेचा वाटा मोठा आहे. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे पेशाने डॉक्टर, पण या सोसायटीतल्या सुरुवातीच्या भारतीय मंडळींत त्यांचे नाव आहे. त्या काळी ही हौस येरागबाळ्याची नव्हती. काचा, रसायने, काळोखी खोली आणि भरपूर सवड असल्यावाचून ती परवडत नसे. १८८८ साली अमेरिकेत ईस्टमनने पहिला कोडॅक कॅमेरा पंचवीस डॉलरांना बाजारात आणला. आत शंभर फोटोंची फिल्म भरलेलीच असे. ती संपली की अख्खा कॅमेरा कारखान्यात पाठवायचा आणि ते फोटो काढून, नवी फिल्म भरून तो परत पाठवीत. त्या दिवसापासून फोटो काढायला फक्त बोट लागू लागले. डोळा ज्याचा त्याने आणायचा होता.

आमच्या घरी वडिलांचा आग्फा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो निघत. बारा फोटोंत एक मुंज, एक सहल आणि उरलेल्या एकात शेजारच्यांचे बाळ, असा हिशेब असे. रोल संपला की धुवायला टाकायचा, चार दिवसांनी कॉपी आणायच्या, त्यातल्या दोन-तीन काळ्या निघाल्या म्हणून हळहळायचे आणि उरलेल्या काळ्या पानांच्या आल्बममध्ये कोपरे लावून बसवायच्या. त्या आल्बमचा प्रेक्षक ठरलेला असे: घरी आलेला पाहुणा. चहा होईपर्यंत आल्बम त्याच्या मांडीवर ठेवला जाई. तो बिचारा कंटाळे, पण पाने उलटी. आणि मध्येच त्याचे बोट एखाद्या फोटोवर थांबे. "हा मागे उभा आहे तो कोण हो?" वडिलांचा चेहरा खुले. तेवढ्या एका प्रश्नासाठीच तो आल्बम बाहेर आलेला असे.

पाहुणा संपला की प्रेक्षक संपला, ही त्या हौसेची मर्यादा होती. मोठ्या शहरांतली मंडळे, त्यांच्या स्पर्धा आणि प्रदर्शने होती. पण तिथवर पोचणारे थोडे. म्हणून फेब्रुवारी २००४ मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये फ्लिकर सुरू झाले आणि ऑक्टोबर २०१० मध्ये इन्स्टाग्राम आले, तेव्हा हौशी माणसाला केवढी मोठी दारे उघडली गेली हे विसरता कामा नये. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या शिक्षकाने सकाळी टिपलेले धुके संध्याकाळी जपानातला माणूस पाहू लागला. मध्ये परीक्षक नाही, संपादक नाही, पोस्टाचे तिकीट नाही. या सोयीला नावे ठेवणे हा कृतघ्नपणा होईल. मलाही ओळखी मिळाल्या त्या तिथेच.

पण दार उघडे झाले त्याच वेळी दाराशी एक मोजणी-कारकून येऊन बसला. प्रत्येक चित्राखाली आकडा आला. तो आला आणि दादेचा अर्थ बदलला.

गाण्याच्या बैठकीत जाणाऱ्याला ठाऊक असते की दाद 'जागे'वर येते. गवई एखादा स्वर असा काही लावतो की समोरचा म्हातारा नकळत "वा!" म्हणून जातो. ती दाद कशाला मिळाली हे गवयाला त्याच क्षणी कळते. तो पुन्हा त्या जागेकडे वळतो, किंवा मुद्दामच वळत नाही. अशा दादेतून कलावंत शिकतो. लाल बदामाला जागा नसते. तो चित्रातल्या प्रकाशाला मिळाला, की बसलेल्या मांजराला, की मागच्या आठवड्यात आपण दिलेल्या बदामाची ती परतफेड होती, हे सांगायला तो तोंड उघडत नाही. शंभर बदाम मिळाले म्हणजे शंभर माणसे वाटेने गेली, एवढेच खात्रीने म्हणता येते. ती थांबली की नाही, हे आपल्याला कळत नाही.

या मोजणीने काय होऊ शकते याचे एक मासलेवाईक उदाहरण साऱ्या जगाने पाहिले. ४ जानेवारी २०१९ रोजी कोणीतरी इन्स्टाग्रामवर एका अंड्याचा फोटो टाकला. साधे तपकिरी अंडे, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. सर्वाधिक पसंतीचा विक्रम आपण या अंड्याच्या नावे करू या, असे आवाहन त्याखाली होते. दहाएक दिवसांत एक कोटी ऐंशी लाखांहून अधिक लोकांनी ते मानले आणि विक्रम झाला. डिसेंबर २०२२ मध्ये मेस्सीने विश्वचषक हाती घेतल्याच्या चित्रांनी त्याला मागे टाकीपर्यंत, जवळजवळ चार वर्षे, त्या जागेवरचे सर्वांत आवडते चित्र म्हणजे एक अंडे होते. गंमत अशी की काही दिवसांनी त्या अंड्याला तडे जाताना दाखवले गेले, आणि या पसंतीच्या ताणाने माणसाचे मनही असेच तडकते, असा बोध त्याच्याच तोंडून वदवला गेला. अंड्याला जे उमगले ते आम्हा हौशी मंडळींना अजून उमगायचे आहे.

दुसरे उदाहरण याहून बोचरे आहे. फ्लिकरच्या भरभराटीच्या काळात तिथे एक मंडळ होते. सभासदांनी चित्र मांडायचे आणि बाकीच्यांनी ते ठेवावे की पुसून टाकावे यावर मत द्यायचे, असा त्याचा रिवाज. एकाने खोडी म्हणून तिथे कार्तिए-ब्रेसाँचे १९३२ सालचे जगप्रसिद्ध चित्र स्वतःचे म्हणून मांडले: फ्रान्समधले इएर गाव, वळत उतरणारा जिना आणि खालच्या रस्त्याने सुर्रकन निघून जाणारा सायकलस्वार. सभासदांनी ते तपासले, सायकलस्वार अस्पष्ट आहे असा दोष काढला आणि पुसून टाकण्याचा कौल दिला. आता, थोरामोठ्यांचे नाव नसले की चित्राची किंमत कळत नाही, एवढाच बोध यातून काढून आपण हसून मोकळे होतो. मला त्यात वेगळे काही दिसते. जिना स्थिर आहे, कठड्याची वळणे स्थिर आहेत, म्हणून तर तो पुसट सायकलस्वार जातो आहे असे वाटते. तो स्पष्ट असता तर चित्र थांबले असते. हे ध्यानात यायला चित्रासमोर अर्धे मिनिट उभे राहावे लागते. मत देण्याच्या घाईत असलेल्या माणसाजवळ नेमके तेवढे अर्धे मिनिट नसते. त्याची नजर चूक शोधते किंवा चमक शोधते, कारण या दोनच गोष्टी निमिषात दिसतात.

घाईत पाहिले जाणार हे कळले की माणूस घाईत दिसेल असेच चित्र काढू लागतो. इथे खरा अपाय आहे. २०१६ पासून इन्स्टाग्रामने चित्रे काळाच्या क्रमाने दाखवणे सोडले आणि कोणते चित्र आधी यावे हे यंत्र ठरवू लागले. जुना क्रम २०२२ मध्ये परत दिला तो ज्याला हवा त्याने निवडण्यापुरता. मे २०२१ मध्ये आकडे झाकून ठेवण्याची मुभाही मिळाली. आकडा झाकता येतो. मोजण्याची सवय झाकता येत नाही. मी स्वतःचेच सांगतो. मरीन ड्राइव्हवरच्या सूर्यास्ताला चारशे बदाम मिळाले, तेव्हापासून तीन वर्षांत मी इतके सूर्यास्त काढले की सूर्यालाही संकोच वाटावा. ढग भगवे झाले की बोट आपोआप दाबले जाई. बाजूला शेंगदाणेवाला आपल्या शेगडीचे निखारे फुंकत असे, त्याच्या तोंडावर त्याच भगव्याची दुसरी छटा पडत असे. ती मला दिसेनाशी झाली. डोळा तोच होता, पण त्यातून आता चारशे लोक पाहत होते.

याच काळात मी एक गोष्ट केली. तिचे दुःख अजून गेलेले नाही. कोकणातल्या आमच्या घरी आत्या माजघरात बसून तांदूळ निवडत होती. वर कौलांत एक काचेचे कौल होते, त्यातून पडलेल्या कवडशात तिने सूप धरले होते. चेहरा अर्धा काळोखात, हात मात्र उजळलेले. मी तो फोटो मांडला. एकोणीस बदाम आले. आपल्या पानावर असली उणी चित्रे नकोत म्हणून महिन्याभराने मी तो काढून टाकला, आणि जागा मोकळी करण्याच्या भरात संगणकावरूनही पुसला. पुढल्या पावसाळ्यात आत्या गेली. त्या बाईचे दुसरे फोटो आहेत. लग्नांतले आहेत, त्यांत ती कॅमेऱ्याकडे पाहून अवघडून उभी आहे. तांदूळ निवडणारी आत्या मात्र कुठेच नाही. कोणी मला ती पुसायला सांगितले नव्हते. एकोणीस या आकड्याने सांगितले, आणि मी ऐकले.

कोणी म्हणेल, मग प्रेक्षकच नको! आपल्यापुरते काढावे, आपल्यापुरते ठेवावे. या मताची एक थोर साक्षीदार आहे, ती म्हणजे व्हिव्हियन मायर. १९२६ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली ही बाई जवळजवळ चाळीस वर्षे लोकांची मुले सांभाळीत होती, त्यातला बराच काळ शिकागोत. गळ्यात रोलायफ्लेक्स अडकवून ती रस्तोरस्ती फिरे. एक लाखाहून अधिक निगेटिव्ह तिने मागे ठेवल्या आणि जवळजवळ कोणालाही त्या दाखवल्या नाहीत. २००७ मध्ये, गोदामाचे भाडे थकले म्हणून तिच्या पेट्या लिलावात निघाल्या. जॉन मलूफ या तरुणाने त्यातली एक सुमारे चारशे डॉलरांना घेतली. ऑक्टोबर २००९ मध्ये त्याने काही चित्रे फ्लिकरवर मांडली आणि जग चकित झाले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मायर वारली होती.

तिची चित्रे पाहताना पहिल्यांदा जाणवते ती निर्धास्तता. रोलायफ्लेक्समध्ये पोटाशी धरलेल्या कॅमेऱ्यात वाकून पाहावे लागते, त्यामुळे तिची माणसे किंचित खालून, ताठ आणि मोठी दिसतात. मग तो भिकारी असो की फर घातलेली श्रीमंत बाई. पाठमोऱ्या माणसांचे हात, रडणारे पोर, दुकानाच्या काचेतले स्वतःचे प्रतिबिंब, गवतावर पडलेली स्वतःची सावली हे तिचे आवडते विषय. कोणाला रिझवण्याची ओढ त्यात नाही. हे पाहून वाटते, प्रेक्षक नव्हता म्हणूनच हे साधले.

पण चित्रे पाहत गेलो तसा मला दुसरा विचार छळू लागला. लाखातून ही शे-दोनशे चित्रे कोणी निवडली? तिने नव्हे. शेकडो रोल तर तिने धुतलेसुद्धा नव्हते. छायाचित्रणात बोट दाबणे हे निम्मे काम. पुष्कळातून थोडे निवडणे हे उरलेले निम्मे. आणि निवड कोणाला तरी दाखवायचे म्हटले की होते. मायरचे ते निम्मे काम परक्यांनी केले. त्यांनी चांगले केले असेल. पण ही माझी, असे कोणत्या चित्राकडे बोट दाखवून ती म्हणाली असती, हे आता कधीच कळणार नाही. प्रेक्षक टाळून ती स्वतंत्र राहिली, पण या निवडीला मुकली.

आणि दुसरा एक हौशी पाहा. फ्रान्सचा जाक आँरी लार्तीग, जन्म १८९४. सात-आठ वर्षांचा असल्यापासून त्याने घरच्या माणसांचे फोटो काढले: घरी बनवलेले विमान उडवू पाहणारा भाऊ, १९०५ मध्ये बागेतल्या पायऱ्यांवरून अधांतरी उडी घेणारी नात्यातली बहीण. शंभराहून अधिक आल्बम त्याने स्वतः निवडून चिकटवले. १९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात त्याचे प्रदर्शन झाले तेव्हा तो एकोणसत्तर वर्षांचा होता. तोवर त्या आल्बमना प्रेक्षक होता तो मुख्यतः घरातला, ओळखीचा, आमच्या वडिलांच्या पाहुण्यासारखा. तेवढा पुरला. त्या उडीत आजही जो आनंद आहे, तो उडी मारणारीला आणि टिपणाऱ्याला ठाऊक होते की आपण कोणासाठी उडतो आहोत, त्याचा आहे.

या तिघांपुढे आमचा शेवटचा साक्षीदार लहान आहे, पण मला त्यानेच वाट दाखवली. आत्याचा फोटो मी पुसला. पण त्याच माजघराचा, रिकाम्या सारवलेल्या जमिनीवर पडलेल्या कवडशाचा एक फोटो केवळ आळसाने पानावर राहून गेला होता. बदाम अकरा. वर्षाने ठाण्याच्या एका अनोळखी बाईंनी त्यावर चार ओळी लिहिल्या. त्यांनी विचारले होते, "हा कवडसा किती वाजताचा? आमच्या राजापूरच्या घरी कवडसा उंबऱ्याशी आला की आई भाताचे आधण ठेवीत असे. घड्याळ होते, पण ते ओटीवर, पुरुषमंडळींच्या बाजूला. ते घर आता नाही. याची एक कॉपी पाठवाल का?"

किती वाजताचा! मी पंधरा वर्षे फोटो काढत होतो, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. कवडसा चालतो, आणि घरातल्या बायका त्यावर दिवस चालवतात, हे मी त्या घरात लहानाचा मोठा होऊनही पाहिले नव्हते. मग आठवले, आत्या सूप घेऊन नेहमी त्याच ठिकाणी बसे असे नाही. ती कवडशाबरोबर सरकत असे. त्या वर्षी घराची कौले उतरवून पत्रा घालायचे ठरले होते. मी आदल्या आठवड्यात जाऊन सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत तासातासाला त्या जमिनीचे फोटो काढले. आठ फोटो आहेत. त्यांत माणूस नाही. पण आत्या कुठून कुठे सरकत गेली असेल ते कळते. ठाण्याच्या बाईंना मी एक नव्हे, आठही पाठवले.

चारशे बदामांनी मला एकच सूर्यास्त पुन्हा पुन्हा काढायला लावला. एका प्रश्नाने मला जे कधी पाहिले नव्हते ते दाखवले. माझ्या मते प्रेक्षक हवा तो यासाठी. तो किती मोठा आहे याला महत्त्व नाही. आपण दिले त्यात तो स्वतःचे काही घालतो का, हे पाहावे.

आपल्याकडे फराळाचे ताट शेजारी पाठवतात. ते रिकामे परत येत नाही. करंज्या गेल्या तर अनारसे येतात, काही नसले तर चार बत्तासे तरी येतात. कोणी दारातच "वा, छान दिसतंय!" म्हणून ताट तसेच परत धाडले, तर आपण त्याला कौतुक म्हणत नाही. हौशी माणसाने आपले चित्र जगापुढे जरूर मांडावे. थोडे मांडावे, निवडून मांडावे, आणि आकडा पाहून मोराला फसलेला ठरवू नये. ज्यांच्याकडे ती चित्रे येतात त्यांच्यावरही काही भार आहे. या दिवाळीत तुमच्या फोनवर शेकडो रांगोळ्या आणि कंदील येतील. सगळ्यांना बदाम द्यायला हरकत नाही. पण एखाद्या चित्रापाशी अर्धे मिनिट थांबा आणि काढणाऱ्याला एक ओळ लिहा. "हा मागे उभा आहे तो कोण?" एवढे विचारले तरी पुरे.

यंदा पहाटे पुतणी पुन्हा रांगोळी काढणार आहे. मी तिला एवढेच सुचवले आहे की आधी काकूला पणत्या लावू दे. रंग पिवळे दिसतील. दिसू देत. मी तो पिवळेपणाच टिपणार आहे.